राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टल: ओळखपत्र मिळतं, पण नोकरीपर्यंत किती साथ मिळते?

मुलाखत चांगली होते, ऑफर येते आणि कागदपत्रं मागितली की गाडी अडते. आधारवर एक नाव, पदवीवर दुसरं, आणि पॅन कार्डावरचा फोटो समोर बसलेल्या माणसाशी जुळत नाही. ट्रान्स उमेदवारांच्या हातची नोकरी अनेकदा इथेच निसटते. कागदांचा हा गुंता सोडवायची पहिली सरकारी खिडकी म्हणजे केंद्रीय सामाजिक न्याय आणि अधिकारिता मंत्रालयाचं राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टल. ते २५ नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं. नोकरी मिळवायला आणि टिकवायला त्याचा किती उपयोग होतो, एवढ्याच कसोटीवर हे परीक्षण केलं आहे. परीक्षण बेतलं आहे ते ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा, त्याखालचे २०२० चे नियम आणि २०२५ अखेरपर्यंत त्यांवर चाललेलं काम यांवर. कायदा आणि नियमांत दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच्या अटी एकदा वाचून घ्या.

निष्कर्ष आधीच सांगायचा तर सेवा मोफत आहे, रचना चांगली आहे आणि नोकरीच्या तयारीत तिला पर्याय नाही. पण ऑफर आल्यावर अर्ज केला तर उशीर झालेला असतो. नोकरी शोधायला लागण्याच्या निदान सहा महिने आधी अर्ज करावा. प्रमाणपत्राला लागणारा वेळ त्यातला थोडाच. बाकीचा वेळ त्या प्रमाणपत्राच्या आधारे इतर कागद बदलण्यात जातो.

अर्ज भरताना

अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रं ऑनलाइन जातात आणि प्रमाणपत्र व ओळखपत्र ऑनलाइनच उतरवून घेता येतं. कचेरीत जाऊन बाकड्यावर बसायचं नाही, चारचौघांत प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत. ज्यांनी ते सोसलंय त्यांना या एका सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त लक्ष नावाच्या रकान्यांकडे द्या. जन्माच्या वेळचं नाव आणि आता वापरायचं नाव अशी दोन्ही द्यावी लागतात. नव्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पुढे सगळीकडे तेच ठेवा. एक ‘ए’ किंवा ‘एच’ कमीजास्त झाला तरी आधार आणि पॅन एकमेकांना ओळखत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कायद्याच्या कलम ७ मध्ये प्रमाणपत्राच्या आधारे बदलण्याचा हक्क दिलाय तो ‘पहिल्या नावा’चा. मराठी नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. समजा ‘सुनील रमेश जाधव’चं ‘सानिका रमेश जाधव’ करायचं आहे, तर प्रमाणपत्र पुरतं. पण घरच्यांनी नातं तोडलं म्हणून वडिलांचं नाव काढून आईचं किंवा गुरूचं नाव लावायचं असेल, आडनाव टाकून द्यायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावीच लागते. यात अनेकजण फसतात. पोर्टलवर पूर्ण नाव बदलून अर्ज करतात, प्रमाणपत्रही येतं, आणि पुढे विद्यापीठ नाहीतर बँक अडवते. तिन्ही नावं बदलायची असतील तर राजपत्राचा अर्ज पोर्टलच्या अर्जासोबतच टाका, म्हणजे दोन्ही कागदांवर अक्षरन् अक्षर सारखं येईल.

दुसरी कळीची जागा पत्ता. अर्जाच्या तारखेला त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असणं नियमांनुसार आवश्यक आहे. आधार गावाकडचं, राहणं पुण्यात मित्राच्या खोलीवर आणि भाडेकरार नाही, ही परिस्थिती या समाजात अपवादाची नाही. अशा वेळी आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्या. जो जिल्हा अर्जात निवडाल तोच पत्त्याच्या पुराव्यावर हवा. पुरावा एका जिल्ह्याचा आणि अर्ज दुसऱ्या जिल्ह्यात, हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण आहे.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर नियमांसोबत ठरवून दिलेला आहे. टायपिस्टच्या संगणकात असलेला ‘नावबदलाचा’ मसुदा वापरू नका. त्यात वैद्यकीय माहिती, लग्न, घराणं असली नको ती वाक्यं असतात. ठरलेला नमुना छापून न्या, नोटरीसमोर सही करा आणि स्कॅन करताना शिक्का नि तारीख स्पष्ट दिसतेय का ते बघा.

कायदा लागू होण्याआधीच, म्हणजे १० जानेवारी २०२० पूर्वी, ज्यांनी सरकारदरबारी लिंगनोंद बदलून घेतली आहे त्यांना हा अर्ज नव्याने करायची गरज नाही. हे माहीत नसल्याने जुने लोक पुन्हा खेटे घालतात.

जिल्ह्याच्या टेबलावर

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून हलतं, त्यामुळे अर्ज अडकला तर चौकशी तिथे करा. प्रमाणपत्र ३० दिवसांत द्यायचं आहे. नाकारायचं असेल तर कारण कळवायला हवं, आणि नकाराविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येतं.

नियमांमध्ये इथे एक वाक्य सोन्यासारखं आहे: हे प्रमाणपत्र वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीविना, प्रतिज्ञापत्राच्या आधारे द्यायचं आहे. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ही ज्याची त्याने सांगायची गोष्ट मानली, त्याचाच हा धागा. तरी काही टेबलांवर ‘डॉक्टरचा दाखला आणा’ म्हणतात. तोंडी वाद घालू नका. अर्जाचा क्रमांक टाकून लेखी विचारा की दाखला कोणत्या नियमाखाली मागितला आहे. लेखी प्रश्न गेला की बहुधा मागणी मागे घेतली जाते.

या टप्प्याला गुण कमी द्यावे लागतात. पोर्टल सगळीकडे एकच असलं तरी एका जिल्ह्यात अर्ज भराभर निघतात आणि शेजारच्या जिल्ह्यात महिनोन् महिने पडून राहतात. त्रुटी असल्याची सूचना आली तरी नेमकं काय चुकलं ते दर वेळी उघड लिहिलेलं नसतं. समाजकल्याण विभागाची शिबिरं लागतात तेव्हा रखडलेले अर्जही तिथे हातावेगळे होतात, त्या तारखांवर लक्ष ठेवा.

कलम ६ की कलम ७?

नोकरीच्या दृष्टीने हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा, आणि पोर्टल त्याबद्दल पुरेसं समजावून सांगत नाही.

कलम ६ चं प्रमाणपत्र ‘ट्रान्सजेंडर’ ही ओळख देतं. कलम ७ चं सुधारित प्रमाणपत्र ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद देतं. त्यासाठी उपचार करणाऱ्या संस्थेच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र लागतं. अनेकांना, आणि अनेक कार्यालयांनाही, वाटतं की शस्त्रक्रिया झाल्याशिवाय कलम ७ लागू नाही. पण २०२० च्या नियमांनी वैद्यकीय उपचारांची व्याख्या रुंद ठेवली आहे. समुपदेशन आणि हार्मोन उपचारही तिच्यात बसतात. पत्र घेताना डॉक्टरांना ही व्याख्या दाखवा आणि पत्रात तेच शब्द यायला हवेत असा आग्रह धरा.

घाई का करू नये, याचं कारण आधारमध्ये आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, लिंग एकदाच. कलम ६ च्या जोरावर आज ‘ट्रान्सजेंडर’ नोंदवलं आणि दीड वर्षाने कलम ७ मिळाल्यावर ‘स्त्री’ करायचं ठरवलं, तर नेहमीची वाट बंद झालेली असते. मग आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून प्रकरण न्यावं लागतं. तेव्हा पुढच्या वर्षभरात कलम ७ घ्यायचं नक्की असेल, तर आधारवर आता फक्त नाव आणि फोटो बदला आणि लिंगाचा बदल राखून ठेवा. ज्यांना ‘ट्रान्सजेंडर’ हीच नोंद कायम हवी आहे त्यांनी दोन्ही एकदम करावं. सरकारी भरतीत त्या नोंदीखाली अर्ज करणाऱ्यांना तीच नोंद सगळ्या कागदांवर लागते.

कागदांची साखळी

प्रमाणपत्र हाती आल्यावर ज्या क्रमाने कागद बदलाल त्यावर पुढचं सगळं सुरळीत होणं अवलंबून आहे. क्रम असा ठेवा: आधार, मग पॅन आणि बँक, मग भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक), मग दहावी-बारावीचं मंडळ, शेवटी विद्यापीठ. पासपोर्ट मधे कधीही चालेल.

आधार पहिलं, कारण बाकी सगळे त्याच्याशी पडताळून बघतात. सेवा केंद्रात जावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता अशा बदलांचं शुल्क ७५ रुपये आहे. फोटोही त्याच फेरीत बदला. दाढी असलेला जुना फोटो आणि नवं नाव असं आधार घेऊन गेलात तर बँकेच्या काउंटरवर आणि कंपनीच्या गेटवर पुन्हा पहिल्यापासून खुलासे करत बसावं लागतं.

पॅनच्या अर्जात ट्रान्सजेंडर हा पर्याय एप्रिल २०१८ पासून आहे. आधार बदलायच्या आधी पॅन बदललं तर दोन्हींत तफावत येते आणि जोडणी अडू शकते. पॅन निष्क्रिय झालं की पगारातून २० टक्के किंवा त्याहून जास्त दराने कर कापला जाऊ शकतो. पहिल्याच पगाराला असा फटका बसला की सावरायला वर्ष जातं.

बँकांना अर्जात तृतीय लिंगाचा पर्याय ठेवायला रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्येच सांगितलं आहे. शाखेतल्या छापील अर्जात तो दिसला नाही तर त्या परिपत्रकाचा हवाला द्या.

यूएएनकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि अनुभवी उमेदवारासाठी सगळ्यात उपयोगी कागद तोच आहे. १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन असेल, तर जानेवारी २०२५ पासून नाव, लिंग असे तपशील सदस्याला स्वतः ऑनलाइन बदलता येतात, जुन्या मालकाची संमती लागत नाही. ज्या कंपनीत छळ झाला तिथल्या एचआरला फोन करायची वेळ येत नाही, ही मोठी सुटका आहे. शिवाय बदल झाला की आधीच्या नोकऱ्यांचा इतिहास नव्या नावाखाली दिसतो. जुन्या नावाचं रिलीव्हिंग लेटर बदलून मिळत नसेल, तर अनुभवाचा पुरावा म्हणून हीच सेवा नोंद पुढे करा.

मंडळ आणि विद्यापीठ हा साखळीतला सगळ्यात संथ भाग. २०२० च्या नियमांच्या परिशिष्टात दहावी-बारावीची प्रमाणपत्रं आणि पदवी यांचा बदलून द्यायच्या कागदांत स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. शिवाय सुधारित कागदावर मूळचाच अनुक्रमांक राहिला पाहिजे. हा तपशील जपून ठेवण्यासारखा आहे, कारण कंपनीसाठी उमेदवाराची पडताळणी करणारी संस्था विद्यापीठाकडे नावाबरोबर बैठक क्रमांक आणि प्रमाणपत्र क्रमांकही तपासते. विद्यापीठ ‘आमच्या नियमात तरतूद नाही’ म्हणालं तर २०२५ मधला मणिपूर उच्च न्यायालयाचा निकाल जोडा. तिथे एका डॉक्टरला नव्या नावाची आणि लिंगाची शैक्षणिक प्रमाणपत्रं देण्याचा आदेश झाला आहे. आधी मंडळाचा कागद, मग पदवीचा, हा क्रम पाळाच. विद्यापीठ नाव ताडायला दहावीची गुणपत्रिका मागतं.

पदवी बदलून यायच्या आत ऑफर आली तर? पडताळणीच्या संमतीपत्रात ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असतो. तो मोकळा सोडायचा मोह होतो आणि तो समजण्यासारखाही आहे, पण सोडू नका. मोकळा ठेवला की अहवालात तफावत म्हणून लाल शेरा येतो, आणि तो शेरा एचआरपासून टीमच्या मॅनेजरपर्यंत फिरतो. रकाना भरा, प्रमाणपत्र जोडा, आणि ईमेल करून मागणी करा की जुनं नाव असलेला अहवाल एचआरमधल्या एकाच ठरावीक व्यक्तीने पाहावा. ओळख गोपनीय ठेवणं हा नियम १२ खालच्या समान संधी धोरणाचाच भाग आहे, कंपनी काही उपकार करत नसते.

कंपनी पारखताना

कायद्याचं कलम ९ भरती, बढती आणि नोकरीतल्या इतर बाबतींत भेदभावाला मनाई करतं. कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. त्याने तक्रारीची चौकशी १५ दिवसांत करायची आणि संस्थाप्रमुखाने पुढच्या १५ दिवसांत कारवाई करायची. नियम १२ नुसार समान संधी धोरण लिखित आणि प्रसिद्ध केलेलं हवं, त्यात स्वच्छतागृहं, सुरक्षितता, प्रवासाची सोय यांचा उल्लेख हवा.

त्रुटीही सांगायला हवी. कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा आहे, पण ती छळ, घराबाहेर काढणं, वेठबिगारी अशा गुन्ह्यांना. नोकरी नाकारणाऱ्या मालकाला कलम ९ खाली ठरलेली शिक्षा नाही. म्हणून प्रकरणं न्यायालयात रखडतात. जेन कौशिक या शिक्षिकेला ट्रान्स असल्यामुळे दोन राज्यांतल्या खासगी शाळांनी नोकरीबाहेर ठेवलं. १७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई दिली आणि समान संधी धोरणासाठी न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तक्रार अधिकारी नेमण्याचे निर्देशही त्या निकालात आहेत. एचआरला पाठवायच्या ईमेलमध्ये या तारखेचा उल्लेख असला की उत्तराचा सूर बदलतो.

ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारावेत असे चार प्रश्न: तक्रार अधिकारी कोण? माझ्या मजल्यावर मला वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे? ओळखपत्र आणि ईमेलवर पहिल्या दिवसापासून माझं नाव येईल का? रात्रपाळीच्या गाडीत चालकाला कोणतं नाव दिसेल? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण रात्री दोन वाजता गाडीत चालकाने जुन्या नावाने हाक मारली की काय वाटतं ते सोसणाऱ्यालाच कळतं. मुखपृष्ठावर इंद्रधनुष्य लावलेल्या कंपनीपेक्षा या चार प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी छोटी कंपनी केव्हाही बरी.

पोर्टलवर जे नाही

रिकाम्या जागांची यादी इथे नाही. प्रमाणपत्र दिलेल्या माणसाला त्याच खिडकीवर रोजगाराची वाट दिसायला हवी होती, आणि इतक्या वर्षांनीही ती नसणं ही पोर्टलची सगळ्यात मोठी उणीव आहे. हे काम खासगी संस्था करतात. चेन्नईत सुरू झालेली पेरीफेरी २०१७ पासून ट्रान्स उमेदवारांना प्रशिक्षण देऊन कंपन्यांत लावते आहे, आणि प्राइड सर्कलचे रोजगार मेळावे २०१९ पासून भरतात. मेळाव्याला जाताना बायोडेटावर नवं नावच लिहा. जुनं फक्त पडताळणीच्या कागदावर.

सरकारी नोकरीत महाराष्ट्रात वाट हळूहळू उघडते आहे. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी हा पर्याय देण्याचं राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मान्य केलं आणि शारीरिक चाचणीचे निकष त्यानंतर ठरले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून ट्रान्स व्यक्तींना घेतलं. अर्जात पर्याय असणं आणि आरक्षण असणं यांत मात्र अंतर आहे. कर्नाटकने २०२१ मध्ये राज्य सेवांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, तसंच आपल्याकडे व्हायला हवं.

नोकरी लागली तरी घर नसेल तर ती टिकत नाही, हे कोची मेट्रोने २०१७ मध्ये दाखवून दिलं. तिथे एकवीस ट्रान्स कर्मचारी रुजू झाले आणि महिन्याभरात आठ जणांनी काम सोडलं. कामाची तक्रार नव्हती. भाड्याने कोणी खोली देईना आणि लॉजचं भाडं पगाराला झेपेना. या बाबतीत पोर्टलवरून पोहोचता येणारी गरिमा गृहं, म्हणजे ट्रान्स व्यक्तींसाठीची निवारागृहं, कामी येतात. एका गृहात साधारण पंचवीस जणांची सोय असते, राहणं-जेवण आणि कौशल्य प्रशिक्षण मिळतं. जागा कमी आणि मागणी जास्त, म्हणून शहर बदलायचं असेल तर रुजू होण्याच्या तारखेच्या बऱ्याच आधी विचारणा करा.

याच मंत्रालयाच्या स्माईल या कल्याण योजनेखालच्या बाकीच्या सुविधांपैकी नववीपासून पदव्युत्तरपर्यंतची शिष्यवृत्ती आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान भारत टीजी प्लस आरोग्य विमा संरक्षण या दोन्हींना हेच प्रमाणपत्र लागतं. कंपनीच्या सामूहिक विम्यात हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रिया बसतात का, ते पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींच्या यादीत बघा, एचआरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. रुजू होताना भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचं नामनिर्देशन त्याच दिवशी भरा. जन्माच्या कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नाव लावता येईल का, हे योजनेगणिक बदलतं, म्हणून दोन्ही अर्जांतली ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या सहीच्या आधी वाचा.